पुढच्या कोचचं नाव

"तुम्ही पाय हलवताय, त्यामुळे अख्खं बाकडं हलतंय," मी शेवटी न राहवून म्हणाले.

शेजारच्या माणसाने माझ्याकडे बघितलंही नाही. बाहेर बारीक पाऊस, वर गळका पत्रा, समोर चिखलात घसरणारे दोन छोटे संघ — आणि हा गडी मुठी आवळून स्वतःशीच पुटपुटत होता. आत घे… आत घे… आता दे… मागे नको रे… गंमत म्हणजे तो जे पुटपुटायचा, तेच क्षणभराने मैदानात घडायचं.

"भविष्य सांगता का तुम्ही?"

"कोच आहे मी. त्या निळ्या पोरांचा. मागच्या सामन्यात रेफरीला दोन शब्द जास्त बोललो, म्हणून आज मैदानाजवळ फिरकायला बंदी आहे. ओरडायलासुद्धा." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तुम्ही आमच्या लेफ्ट बॅकला पळवायला आलाय."

मी चाटच पडले. ज्या खेळाडूसाठी आलोय त्याच्याकडे चुकूनही बघायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तर सामना सुरू झाल्यापासून गोलकीपरकडे टक लावून बसले होते.

"कशावरून?" मी विचारलं.

"आमच्या गोलकीपरकडे इतक्या प्रेमाने त्याची आईसुद्धा बघत नाही…"

मला हसू आवरेना. लेफ्ट बॅक राहिला बाजूलाच. त्या दिवशी मी घरी गेले ती हा बडबड्या डोक्यात घेऊन.

मी एका जुन्या क्लबची स्पोर्टिंग डायरेक्टर. म्हणजे नेमकी कोण, हे माझ्या आईला अजून उमगलेलं नाही. ती शेजारणींना "फुटबॉलच्या ऑफिसात असते" एवढं सांगून विषय बदलते. कोच येत्या रविवारचा सामना बघतो, मी पाच वर्षांनंतरचा. खेळाडू कोणते घ्यायचे, कोणते सोडायचे, अकादमीतली पोरं कशी वाढवायची, सगळ्यात लहान पोरांपासून वरच्या संघापर्यंत सगळे एकाच पद्धतीने कसे खेळतील — हे माझं काम. आमच्या क्लबात तोवर प्रत्येक नवा कोच आपले खेळाडू, आपली पद्धत घेऊन यायचा, आणि तो गेला की पुन्हा श्रीगणेशा. मी आल्या आल्या लाडका स्ट्रायकर विकला आणि त्या पैशातून अकादमीसाठी नवं मैदान करून घेतलं. त्या दिवसापासून अर्धं शहर माझ्या नावाने बोटं मोडतं.

कोचची जागा रिकामी झाली तेव्हा मी बडबड्याला बोलावलं आणि सगळं स्वच्छ सांगितलं. खेळाडू मी निवडणार, घडवायचे तुम्ही. पोरं तयार व्हायला वेळ लागेल, तोवर शिव्या दोघांनी मिळून खायच्या.

"आणि एक," मी म्हणाले. "तुमच्या जागी पुढे कोण, ते नाव माझ्याकडे कायम तयार असतं. राग मानू नका, ही कामाची रीत आहे."

"आत्ता आहे?"

"आहे."

"माझ्यापेक्षा बरा दिसतो?"

"केस जास्त आहेत."

त्याने हसत हसत सही केली.

माझ्या ऑफिसची खिडकी सरावाच्या मैदानावर उघडते. सराव संपला की तो वर बघायचा आणि भुवया उंचावायचा — आहे का अजून तो केसवाला? मी मान हलवायचे, आहे. मग तो चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर आत यायचा आणि कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून पोरांच्या तक्रारी करायचा. तक्रारी कसल्या, कौतुकच ते. कोणाचा डावा पाय सुधारला, कोण पाठीमागे न बघता पास देतो… बोलता बोलता मध्येच थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुढचं वाक्य विसरायचा. पार्किंगपर्यंत छत्री एकच असली की त्याचा उजवा खांदा भिजून चिंब व्हायचा, माझ्यावर थेंब नाही. मी म्हणायचे, कोच आजारी पडला तर क्लबचं नुकसान आहे. तो म्हणायचा, क्लबचंच ना? आणि मी गाडीची किल्ली शोधायचं नाटक करायचे.

पुढे मात्र आम्ही दोघांनीही शब्द काढला नाही. ज्याची नोकरी आपल्या हातात आहे त्याला "तुम्ही मला आवडता" म्हणायचं, म्हणजे त्याने नाही कसं म्हणायचं? आणि ज्याला मी उद्या काढू शकते, त्याने मला म्हटलं, तर लोक काय समजतील? मला या कोंडीचा राग यायचा. काम मनासारखं मिळालं, माणूसही मनासारखा, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येतं.

त्यात आम्ही हरायला लागलो. पोरं सुंदर खेळायची आणि शेवटी घोळ घालायची. प्रेक्षकांच्या स्टँडमधून "डायरेक्टरबाई घरी जा"च्या घोषणा सुरू झाल्या. त्यात सगळ्यात वरचा आवाज माझ्या सख्ख्या आत्याचा. ती या क्लबची जन्माची भक्त. सामना संपला की फोन करून विचारायची, जेवलीस का गं? मी म्हणायचे, आत्या, आत्ता तर तू मला हाकलत होतीस. ती शांतपणे म्हणायची, ते मैदानातलं, हे घरातलं.

आत्याचं ठीक होतं. कुजबुज जास्त लागायची. म्हणे कोच टिकलाय तो बाईंच्या मर्जीवर. म्हणे आमची छत्री सगळ्यांनी पाहिलीय.

शेवटी अध्यक्षांनी बैठक बोलावली. लांब टेबल, माझ्या वडिलांच्या वयाचे अध्यक्ष, शेजारी खजिनदार आणि मंडळाची बाकीची माणसं. अध्यक्षांचं म्हणणं सोपं होतं. कोचला काढायचं, अकादमीतली तीन-चार पोरं विकायची आणि आपला जुना स्ट्रायकर परत आणायचा. लोक खूश. मी म्हणाले, एक मोसम खूश, मग पुन्हा शून्य. ते ग्लास फिरवत राहिले.

"पोरांचं नंतर बघू. कोचच्या जागी तुझ्याकडे नाव तयार असतंच. सांग."

मी सवयीने वही उघडली… आणि तशीच मिटली.

नाव नव्हतंच. केसवाल्याला दुसऱ्या क्लबाने कधीच नेलं होतं, आणि त्यानंतर मी कोणाला शोधलंच नव्हतं. भुवया उंचावल्या की मी खिडकीतून खुशाल मान हलवत होते. दुसऱ्या कोणत्याही ऑफिसात ही चूक चूक ठरली नसती. माझ्या कामात याहून मोठी चूक नाही, आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ती का झाली ते त्याच क्षणी कळलं. खजिनदार खाकरले.

गप्प बसले असते तर मान खाली गेली असती. मला मान खाली घालायची नव्हती.

"नाव नाही," मी म्हणाले. "शोधलं नाही, ही माझी चूक. बाहेर जे बोललं जातं त्यातलं अर्धं खरं आहे. तो मला आवडतो. त्याला मी सांगितलेलं नाही, तुम्हाला आधी कळतंय. उरलेलं अर्धं खोटं आहे. तो इथे आहे तो कामामुळे. वाईट काम करत असता तर मी स्वतः त्याला काढलं असतं आणि घरी जाऊन रडले असते. पण आता माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणू शकत नाही. म्हणून त्याला ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. मी त्यात नाही. अकादमीचं मात्र मीच ठरवणार. एका पोराला जरी विकायचं असेल, तर आधी मला काढा."

अध्यक्षांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "रविवारी हरला तर तो जाईल. पोरांचं आणि तुझं, त्यानंतर."

मी जिना उतरून सरळ मैदानावर गेले. तो एकटाच सरावाचे फ्लॅग उपटत होता. मी सगळं सांगितलं, एका दमात. त्याला मिळालेला आधार मीच काढून घेतला होता, आणि हे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू द्यायचं नव्हतं. तो ऐकत राहिला, कान लाल होत गेले.

"खजिनदाराला सांगितलंस," तो म्हणाला. "त्या खजिनदाराला. आणि मला नाही."

तू म्हणाला तो मला.

"रागावलात?"

"हो. मी कधीपासून शब्द जुळवतोय… आणि तू एका बैठकीत विषय मिटवलास." मग त्याचा आवाज खाली आला. "शिवाय नाव नव्हतं तुझ्याकडे. कामात चुकलीस."

"माहितीये."

"माझ्याकडे आहे."

त्याने गोलपोस्टकडे बोट केलं. तिथे आमचे सहायक कोच जाळी आवरत होते — क्लबचे जुने गोलकीपर, सगळे त्यांना गोलीकाका म्हणतात. पोरांना कसं खेळवायचं ते काकांना माझ्याइतकंच कळतं, तो म्हणाला. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सराव त्यांच्यासोबत आखलाय, मुद्दाम. आणि काका रेफरीशी भांडत नाहीत, हा जादा फायदा.

"तुम्ही स्वतःच्या जागी माणूस तयार करत होतात?"

"तूच सांगितलंस ना, कोच गेला तरी क्लबची पद्धत राहिली पाहिजे. मी ऐकत होतो. तुझ्याकडे बघण्यात बराच वेळ जायचा… पण ऐकत होतो."

रविवारी संघात निम्म्याहून जास्त पोरं अकादमीची होती. काय खेळली ती. चेंडू पायांतून पायांत फिरत होता आणि स्टँड ओरडायचं विसरला होता. आमचा एक लहानखुरा डावखुरा तर समोरच्यांना चकवत असा सुटायचा, की अध्यक्ष दोनदा खुर्चीतून उठले. मी बघितलं ते. शेवटी चेंडू आमच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून आमच्याच जाळ्यात गेला. हरलो.

निषेधाच्या शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. अध्यक्ष खाली आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"तो गेला," ते म्हणाले.

रडू आलं. गिळलं. "ठीक आहे. तुमचा निर्णय होता. माझ्याकडे पुढचं नाव आहे, गोलीकाका. पद्धत तीच, पोरं तीच. पटत नसेल तर माझीही जागा रिकामी समजा."

ते मैदानाकडे बघत होते. तो डावखुरा गवतावर पालथा पडला होता आणि बडबड्या त्याला दंडाला धरून उठवत होता.

"हा कुठून आणलास?"

"आणला नाही. तुम्ही ज्या मैदानाच्या खर्चावरून माझ्याशी भांडला होतात, तिथे वाढलाय."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गोलीकाकांना उद्या पाठव माझ्याकडे. आणि पोरांना हात लागणार नाही."

मी रेषा ओलांडून आत गेले. उंच टाचा, चिखल, वरून शिट्ट्या. त्याने मला येताना पाहिलं आणि पोराला आत पाठवलं.

"गेलो ना मी?"

"गेलास," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तू म्हणाले, तेही हे सांगायला.

"म्हणजे आता तू माझी साहेब नाहीस."

"नाही."

"मग मी बोलू का?"

"बोल ना."

त्याने श्वास घेतला. अख्खा सामना पुटपुटत काढणारा हा माणूस… आणि शब्द फुटेना. "मला… म्हणजे कधीपासून… तुझ्याशिवाय हे…" त्याचे डोळे भरले होते, पण हरल्याचं दुःख त्यात अगदी थोडं होतं. मला त्याच्यावर इतकं प्रेम आलं की मी पुढच्या शब्दाची वाट बघितली नाही. सरळ त्याचा हात धरला, बोटांत बोटं अडकवून, मैदानाच्या मधोमध.

शिट्ट्या दुप्पट झाल्या. त्या गोंगाटातून एक ओळखीचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "अगं सोड त्याचा हात, हरलाय तो!" आत्याच ती.

"सगळे बघतायत," तो हळूच म्हणाला.

"बघू देत," मी म्हणाले. "तिकीट काढून आलेत." आणि त्याला घेऊन स्टँडच्या अगदी समोरून, मुद्दाम सावकाश, चालायला लागले.