कॉफीला वास कुणाचा?

"हुंग! तूच हुंगून बघ!" बाबांनी वाळत्या कॉफीची मूठ चियोच्या नाकाशी धरली.

चियोने हुंगलं. समुद्र! आणि तोही ओहोटीचा!

"गिरणीवाल्याने नमुना परत पाठवलाय," बाबा म्हणाले. "म्हणतो, कॉफी मागितली होती, कालवण नाही!"

"गाढवाचं काम! दुसरं काय!" ओसरीवरून मात्सुकाका गरजले. त्यांची कंबर धरली होती. म्हणून तोडणीच्या दिवसांत ते घरी बसून वाळवणावर नजर ठेवत आणि उरल्या वेळात सगळ्यांच्या चुका काढत. "पोती त्या बँजोच्या पाठीवरून येतात. त्याचा घाम मुरलाय कॉफीत. काढून टाक त्याला!"

बाबांनी सुस्कारा सोडला. "उद्या जुनी जीप घेऊन माणूस येतोय. तिच्या बदल्यात बँजो देऊन टाकू."

चियोने पाय आपटला. बँजो रेकला की खालच्या रस्त्यावरच्या मोटारी थांबत, हे खरं. पण शिंगरू होता तेव्हापासून तो तिचा होता!

कोना या कॉफीच्या मुलखात शाळेला मोठी सुट्टी लागे ती कॉफी पिकल्यावर, म्हणजे पोरांनी सुट्टी कमरेला टोपली बांधूनच घालवायची. चियो, धाकटा नोबू आणि शेजारचा कालेओ लाल फळं तोडत होते. तोंडंही चालूच होती.

"गाढवाच्या घामाला असा वास नसतो," चियो फुरंगटून म्हणाली. "मी रोज त्याच्या गळ्यात पडते."

"म्हणून तर तुलापण वास येतो!" नोबू म्हणाला आणि नाकावर चियोने फेकलेलं एक फळ खाल्लं.

कालेओ कोळ्याचा मुलगा. त्याने चियोने आणलेल्या चार बिया हुंगल्या. "हा ऑक्टोपस आहे. मीठ चोळून उन्हात वाळवलेला. पैज!"

"आणि तो वाळवणावर आला कसा? चालत?"

चियोने खिशातून काहीतरी काढलं. लहान, गोल, सुकलेलं. "सकाळी कॉफी उलथताना कोपऱ्यात सापडलं. मला वाटलं बटण."

"बटणच की!" कालेओ ओरडला. "ज्याच्या सदऱ्याचं आहे ना, त्याला आठ बाह्या असतात!"

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. दिवसभर घरी कोण असतं? डॉक्टरने मीठ कुणाचं बंद केलंय? आणि हिसाकाकूच्या धाकाने स्वयंपाकघरात खारट काय, खारटाचा वासही कुणाला मिळत नाही?

"बाबांना सांगू या!"

"त्यांच्या थोरल्या भावाबद्दल? आपलेच कान पिळतील! सगळ्यांनी डोळ्यांनी बघायला हवं. एकदम!"

"सगळे एकदम कशाला धावतात?"

चियोने घराकडे पाहिलं. वाळवणाच्या माचावरचं रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर बाजूला ढकललेलं होतं. त्या पत्र्यावर थेंब वाजले की कोनातला माणूस ताटावरून उठतो, न्हाणीतून उठतो, पण छप्पर ओढायला धावतोच.

"पाऊस!" ती म्हणाली.

"कुठाय?" नोबूने निरभ्र आभाळाकडे बघितलं.

"आपण पाडायचा!"

दुपारी कालेओ टोपलीभर काळी खडी घेऊन माचाशेजारच्या नीरफणसाच्या झाडावर चढला. तडतड तडतड! पत्रा वाजला.

"पाऊस! पाऊस आला!" चियो आणि नोबू घसा फोडून ओरडले.

बाबा शिडी टाकून धावले. काकू टोपलीसकट धावली. दोन्हीकडचे शेजारी धावले. आणि माचावर कंबर धरलेले मात्सुकाका टोळासारख्या उड्या मारत होते! काखेत दोन ऑक्टोपस, खांद्यावर एक, आणि हात पुरेनात म्हणून एक दातांत!

सगळे जागच्या जागी थिजले. वरून उरलासुरला खडा पडला. टण्ण!

"कंबर बरी दिसतेय तुमची," हिसाकाकू म्हणाली.

काका नुसते 'ऊं ऊं' करत राहिले. तोंड भरलेलं होतं.

मग जे हसू फुटलं! शेजारची म्हातारी तर मटकन खालीच बसली. तेवढ्यात पत्रा पुन्हा वाजू लागला.

"पुरे रे कालेओ!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "उतर आता!"

"मी नाही!" झाडावरून आवाज आला. "माझी खडी कधीच संपली! मी भिजतोय!"

पण कोण ऐकतंय? चियो एकटीच छपराकडे पळाली. तिने ढकललं. छप्पर हलेना! त्यांचीच खडी रुळात अडकली होती!

"नोबू, बँजो!"

छपराचा दोर बँजोला बांधला, त्याला ओढला. बँजोने चारी पाय रोवले. भर पावसात तो विचार करत उभा राहिला. नोबूने माचावर पडलेला एक ऑक्टोपस उचलून त्याच्या नाकाशी नेला मात्र, बँजो असा काही रेकला आणि त्या वासापासून दूर असा सुटला, की खडीचा भुगा करत छप्पर घरंगळत पुढे आलं! कॉफी झाकली. काकाही झाकले.

आता कुठे सगळ्यांना कळलं की ओले झालो.

बाबांनी बँजोच्या मानेवर थाप मारली. "ज्याला हा वास सोसत नाही, त्याच्यावरच आळ घेतला आपण! जीपवाल्याला नको म्हणून कळवा. जीपला नाक नसतं." मग चियोच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास पोरांनो! डोकी आहेत तुम्हाला. रुळातली खडी वेचायला हातही असतीलच."

वासाची कॉफी वाया घालवायची नाही, असं काकूने ठरवलं. ती भाजली आणि संपेपर्यंत रोज सकाळी एकट्या मात्सुकाकांनाच मिळू लागली.

पहिल्या दिवशी काकांनी घोट घेतला. सगळं घर त्यांच्याकडे बघत होतं.

"कशी झालीय?" काकूने विचारलं.

काकांनी आणखी एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.