हसऱ्या स्टिकरमागचा दिवा

टक्! टक्! टक्!

“झालं! पुन्हा बसली!” मामाने स्टिअरिंगवर हात आपटला. मागच्या सीटवर ताईने पोहण्याची पिशवी घट्ट आवळली. चार वाजता शेजारच्या शहरात तिच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. आत्ता अडीच, आणि रस्ता तासाभराचा!

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, बॉनेटमध्ये डोकावला. “ही नवी बॅटरीपण खराब निघाली. दुसरी पाच वाजता येईल.”

“पाच?” ताईचा आवाज चिरकला. “वर्षभर पहाटे उठून पोहलेय मी!”

तिचा भाऊ ढापण्या नुसत्या येरझाऱ्या घालत होता. सुट्टी लागल्यापासून हा पठ्ठ्या शाळेतला व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन दिसेल त्या सेलला टोचत सुटला होता. शेजारच्या काकूंच्या गाडीला वायरी जोडून मेकॅनिकने इंजिन सुरू केलं, वायरी काढल्या. लगेच ढापण्याने बॅटरीला मीटर लावला.

“बाराच व्होल्ट? इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवेत!”

“पुस्तकातलं पुस्तकात ठेव,” मेकॅनिक हसला.

“बाबा, हा हसरा चेहरा लाल का दिसतोय?” मामाची लेक चिमणी आतून किंचाळली.

स्टिअरिंगसमोरच्या काट्यांशेजारी एक गोल स्टिकर मागून लाल उजळला होता. मामा ओशाळला. “तिथे बॅटरीचं चित्र असलेला दिवा सारखा लागायचा. डोळ्यांत खुपायचा, म्हणून...”

“म्हणजे गाडी बोंबलून सांगतेय आणि तुम्ही तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावलीत? धन्य आहात!” ताई उसळली.

ढापण्याला आता दम निघेना. “इंजिन पट्ट्याने अल्टरनेटर फिरवतं. तो वीज तयार करतो, बॅटरी भरतो. तोच नीट फिरत नसेल तर? पाण्याचा पंप बंद आणि तुम्ही रिकाम्या टाक्याच बदलताय, असं झालं हे!”

मेकॅनिकचं हसू मावळलं. त्याने इंजिन बंद केलं आणि अंगठ्याने पट्टा दाबला. पट्टा केवढा तरी आत गेला.

“अरेच्चा! सैल होऊन घसरतोय. मी इकडे बघितलंच नाही रे!”

“काका, लवकर! पावणेतीन झाले!” ताई रडकुंडीला आली होती.

पाना फिरला, पट्टा ताणला गेला. काकूंच्या गाडीने पुन्हा हात दिला. घर्रर्र! वायरी काढताच ढापण्याने मीटर लावला.

“चौदा पूर्णांक दोन!”

मामाने स्टिकर सोलला. दिवा विझलेला होता.

“बसा रे!” मामा ओरडला. चारला सात मिनिटं कमी असताना ताईने धावतच तलाव गाठला.

संध्याकाळी ती गळ्यात रुपेरी पदक घालून घरासमोर गाडीतून उतरली, तर मेकॅनिक दारातच उभा. “शाबास पोरांनो! उद्यापासून आधी मीटर, मग बॅटरी. कान धरले!”

“मीही धरले,” मामा म्हणाला आणि त्याने तो हसरा स्टिकर चिमणीच्या फ्रॉकवर चिकटवला.

“आणि मला?” ढापण्याचं तोंड एवढंसं झालं.

ताईने आपलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. “रात्री जेवेपर्यंत तुझं. पण त्याला मीटर लावायचा नाही हं!”