कल्हईच्या अंगणातली माती

लातूरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं नोकरी केली. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचा, "जिलानीसाहेब, बघा हो, काय हाय हिच्यात," म्हणायचा, आणि मी बघून द्यायचो. स्वतःच्या अंगणातली माती तेवढी कधी बघितली नाही. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

त्या अंगणात माझे अब्बा भांड्यांना कल्हई करायचे. कथलात शिसं मिसळायचे, सगळेच मिसळायचे. खरवडलेलं सगळं मातीत जायचं. आमची काळी माती चुनखडीची आणि चिकट. शिसं एकदा धरलं की वर्षानुवर्षं सोडत नाही. फक्त तिच्यावर ॲसिड पडता कामा नये.

भूकंपानंतर किल्लारीकडच्या एका गावातली, ढिगाऱ्यातून काढलेली भांडी अब्बांकडे आली. अमृतराव नावाच्या गृहस्थांनी ट्रॅक्टरमधून आणली होती. प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबानं नाव घातलेलं. अब्बांनी ती घासून, कल्हई करून परत दिली आणि पुढच्याच वर्षी वारले.

माझी मुलगी मनतशा त्यानंतर जन्मली. बारावीला मेडिकलच्या क्लासला लागली, तेव्हा घरातला गलका नको म्हणून अंगणात तिला अभ्यासाची खोली बांधून दिली. अख्खं लातूर पोरांच्या मार्कांमागं लागलं होतं, मीही त्यातलाच. फरशीवर सिमेंटचे डाग राहिले होते. दर रविवारी मी स्वतः ॲसिड ओतून ते घासायचो. पाणी अंगणात मुरायचं. शेजारीच आमचा आड, आणि प्यायला पाणी त्याचंच.

चार महिन्यांत पोरीचं पोट दुखायला लागलं. मग पाठ केलेलं विसरायला लागली. एकदा धडा म्हणून दाखव म्हटलं, तर अडखळत म्हणाली, "गुरुपादप्पा. गौरम्मा. वीरेश. मंजुश्री."

"कोण हे?"

"माहीत नाही अब्बा. मधेच येतात."

तिचं रक्त तपासलं. शिसं निघालं. आडाचं पाणी तपासलं, त्यातही निघालं. मी त्या खोलीत भिंतीला टेकून रडलो. पोरीला मीच पाजलं होतं, माझ्या हातानं.

आडावर फळ्या ठोकल्या, टँकर लावला, औषधं सुरू केली. दोन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, उतरलं.

नावं मात्र वाढत गेली. एकतीस झाली तेव्हा मला ढिगाऱ्यातली ती नावं घातलेली भांडी आठवली. यादी कागदावर उतरवून मी अमृतरावांकडे गेलो.

पुनर्वसनातल्या घराच्या ओट्यावर त्यांनी चष्मा लावून यादी वाचली. लई वेळ वाचली.

"ही आमची गल्ली हाय," ते म्हणाले. "घराला घर लागून. भांड्यांवर व्हती तीच नावं. तुमच्या वडलांनी लिहून ठेवली व्हती का?"

"अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं."

त्यांनी कागदाची घडी घातली. "एक न्हाई यात. माझी पोरगी, सिंधू. सतरा वर्षांची व्हती. लग्नासाठी घेतलेली तिची भांडी कोरीच राहिली. लई मागं लागायची. दादा, माझ्या भांड्यावर नाव कधी घालायचं?"

मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. भांड्यांवरचीच नावं असतील, तर ती कधीतरी संपणार होती.

संध्याकाळी घरी आलो. अंगणातल्या खोलीतून टक टक आवाज येत होता.

"मनतशा."

मी दार ढकललं.

"मनतशा, बेटा."

ती पाठमोरी बसली होती. समोर क्लासला न्यायचा स्टीलचा डबा उपडा घातलेला. एका हातात कर्कटक, दुसऱ्यात खलबत्त्यातला बत्ता. टिंबाला लागून टिंब पडत होतं.

मी वाकून वाचलं. सिंधू.

वर न बघता तिनं विचारलं, "दादा, खाली गावाचं नाव घालू का?"