पाण्यात उतरलेला रस्ता

दिंडोरीच्या पुढे एक धरण आहे. नाव मुद्दामच सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यावरून कळेल, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी तिथे जाऊ नये. मे महिन्यात पाणी मागे हटलं की धरण होण्याआधीचा जुना डांबरी रस्ता उघडा पडतो. द्राक्षबागांच्या कडेकडेने तो उतरत येतो, सरळ पाण्यात शिरतो आणि पार पलीकडच्या काठावर पुन्हा बाहेर निघतो. मधला तुकडा मात्र कधीच वर येत नाही.

हर्षाली तिथे गेली ती एका रविवारी सकाळी, मासे धरायला. सोबत धवल आणि दिशा. तिघांची मैत्री कॉलेजपासूनची. धवल एका वाइनरीत नोकरीला होता आणि गळाचं वेड मूळ त्याचं. दिशा पंचवटीतल्या भिक्षुकांच्या घरातली. मासा तिने आयुष्यात हातात धरला नव्हता, पण दर रविवारी चहाचा थर्मास घेऊन ती यायची, झाडाखाली पुस्तक उघडून बसायची आणि या दोघांचे मासे पाण्यात परत सोडले जातात ना, यावर लक्ष ठेवायची.

हर्षाली बॅडमिंटन खेळायची. जिल्ह्यात तिचा स्मॅश प्रसिद्ध होता. मग तीन वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पच्या वळणावर तिची स्कूटर घसरली आणि उजव्या खांद्यातल्या नसा ओढल्या गेल्या. हात वाचला, पण मूठ वळेना. बोटं अर्ध्यावर यायची आणि तिथेच थांबायची. त्यानंतर तिला सगळ्यांनी मिळून एकच शब्द शिकवला, नको. जड उचलू नको. गाडी चालवू नको. एकटी जाऊ नको. धवल तेवढा एकदा घरी आला आणि गळाची एक रॉड तिच्या हातात ठेवून गेला. बोटभर जाडीची, लवलवती, जवळजवळ वजन नसलेली. रॉडला लावलेला दोरा केसासारखा बारीक आणि टोकाला नखाएवढा रबरी किडा. अशा रॉडला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. अर्ध्या वळलेल्या बोटांवर ती नुसती टेकवायची आणि डाव्या हाताने दोरा गुंडाळणारी रील फिरवायची. दोऱ्यावर बोट ठेवलं की तळाशी खडक आहे की गाळ, हेही कळतं. हर्षालीच्या त्या हाताला तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळायला लागलं होतं.

आदल्या दिवशी तिने गळवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं, जुन्या रस्त्यावरून कुणी गळ टाकलाय का. ग्रुप चालवणाऱ्या संतोषने लिहिलं, ‘रस्त्यावरून नको.’ तिने विचारलं, का? एरवी कशालाही अंगठ्याचं चित्र टाकणाऱ्या माणसांनी तेवढा मेसेज वाचून सोडून दिला. नको म्हटल्यावर हर्षालीचं मन तिथेच ठरलं.

गाडी वर उभी करून तिघं रस्त्याने खाली चालत आले. दोन्ही बाजूंच्या चिखलात बगळे होते, टिटव्या होत्या, पण रस्ता जिथे पाण्यात शिरत होता तिथे एकही पाखरू नव्हतं. धवल म्हणाला की आपण बाजूच्या खडकांवर जाऊ, तिथे चिलापी मासा भरपूर मिळेल. हर्षालीने ऐकलं नाही. ती रस्त्याच्या मधोमध, जिथे पांढरा पट्टा अजून पुसट दिसत होता तिथे उभी राहिली आणि तिने पहिला गळ सरळ समोर, बुडालेल्या रस्त्यावर टाकला.

सकाळ तशी छान गेली. धवलला खडकांवर दोन चिलापी लागल्या, त्याने त्या सोडून दिल्या. हर्षालीच्या दोऱ्याला मात्र काहीच लागेना. तळ सगळीकडे सारखा, सपाट, टणक. पाण्याखालचं डांबर तिला बोटाला कळत होतं. ऊन चढलं. वारा पडला. चिखलाच्या वासात कधीतरी दुसराच एक वास मिसळला, बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. टिटव्या ओरडायच्या थांबल्या तेव्हा दिशाने पुस्तकातून मान वर केली.

आणि त्याच वेळी हर्षालीच्या बोटाला काहीतरी कळलं.

मासा झटका देतो. हा झटका नव्हता. दोरा हलकेच ताणला गेला आणि ढिला पडला. परत ताणला, परत ढिला. सावकाश, एका लयीत. तिने ढिला पडलेला दोरा गुंडाळून घेतला, तर पुन्हा तेवढाच ढिला पडला. वजन काहीच नाही. तिने धवलला हाक मारली. तो आला, त्याने दोऱ्यावर आपलं बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

“हे पोहत नाहीये,” तो हळूच म्हणाला. “हे... चालतंय.”

पाण्याखालच्या त्या रस्त्यावरून कुणीतरी दोरा हातात धरून वर येत होतं.

हर्षाली गुंडाळत राहिली. घाबरली नव्हती असं नाही, पण पाय मागे घ्यायचा नाही एवढंच तिच्या डोक्यात होतं. दोरा जवळ येत येत तिच्या समोर, दोन हातांवर, गढूळ पाण्यात सरळ खाली गेला आणि थांबला. पाणी तिथे गुडघाभरच असेल. त्यात काही दिसत नव्हतं. एक लहर नाही, बुडबुडा नाही.

मग ते वळलं आणि परत निघालं.

रॉड वाकली. त्या दोऱ्याला एखादं मोठं कलिंगडही उचलता येत नाही, जोर वाढला की रील आपोआप दोरा सोडते आणि तरीही नाही भागलं तर तो तुटतो. रीलने दोरा सोडला नाही. दोरा तुटला नाही. हर्षाली एक पाऊल पुढे गेली, मग दुसरं. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं.

“रॉड सोड!” धवल ओरडला आणि त्याने तिला कमरेला धरलं. दिशाही पुस्तक टाकून धावत आली, चपलांसकट पाण्यात शिरली आणि तिने हर्षालीचा डावा दंड पकडला. दोघांचेही पाय डांबरावरून घसरत निघाले.

हर्षाली रॉड सोडत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मूठ वळली होती. पूर्ण. चारही बोटं रॉडभोवती घट्ट बसली होती, अंगठा त्यांच्यावर. पांढरी पडलेली पेरं तिला दिसत होती आणि खांद्यापासून बोटांपर्यंत जुनी ताकद उतरत होती, रॅकेट धरल्यावर यायची ती. प्रत्येक पावलागणिक ती वाढत होती. गुडघाभर पाण्यात एवढी, तर पुढे किती असेल, असं तिच्या मनात आलं. ओढ आता जोराची राहिलीच नव्हती. समजूत काढत हाताला धरून न्यावं तशी ती झाली होती. तिने स्वतःहून एक पाऊल टाकलं. धवलला ते कळलं, कारण त्याच्या हातातलं तिचं वजन एकदम हलकं झालं.

“हर्षू,” दिशा म्हणाली. एवढंच म्हणाली.

हर्षाली थांबली. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. तीन वर्षं ती रोज सकाळी खिडकीशी बसून एक मऊ चेंडू दाबत आली होती. बोटं अर्ध्यावरून तसूभर पुढे यावीत म्हणून. रडून, चिडून, चेंडू भिंतीवर फेकून, परत उचलून आणून. तेवढं सगळं तिचं होतं. हे जे आता मुठीत भरलं होतं ते तिचं नव्हतं.

ती पाण्याकडे बघून बोलली, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी.

“हा हात माझा आहे. जसा आहे तसा माझा आहे. तुझं तू घेऊन जा.”

आणि तिने मूठ उघडायला घेतली. धवल नंतर सांगायचा, की बोटं उघडताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो त्याने तिच्या अपघातानंतर दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता. एक बोट उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्याला तिने डाव्या हाताने धरून मागे ओढलं. चौथं आपोआप सुटलं, आणि हात लुळा पडून पाण्यात आपटला. रॉड तिने सोडली नाही, डाव्या हातात घेतली. त्या हाताने धरून ती मागे वळली आणि पाण्याकडे पाठ करून रस्ता चढायला लागली.

ओढ गेली. दोरा तिच्यामागे नुसता लोळत आला.

कोरड्या रस्त्यावर आल्यावर तिघंही खाली बसली. धवलने दोऱ्याचं टोक हातात घेऊन निरखलं. दोरा तुटला असता तर टोक सरळ असतं. हे टोक गाठीच्या आकारात कुरळं राहिलं होतं. गाठ कुणीतरी नीट सोडवली होती आणि किडा काढून घेतला होता.

तेवढ्यात दिशाने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. रस्ता जिथे पाण्यातून बाहेर निघत होता तिथलं पाणी हललं होतं. गोल लाटा सावकाश पसरत होत्या. उन्हाच्या झळांमुळे काठावरचं काही नीट दिसेना.

दिशाला घरी जायचं होतं. घरी जायचा रस्ताही धरणाला वळसा घालून पलीकडूनच जातो. पण वाटेत त्या काठावर थांबून बघायचं हे हर्षालीने ठरवलं. धवलने नाही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “मी इथून घाबरून गेले तर ते आयुष्यभर माझ्या मागे येईल. मला बघायचंय.” त्याने गाडीची किल्ली काढली आणि धरणाला वळसा घालून गाडी त्या काठावर आणली.

पलीकडे पाण्यातून पावलं वर आली होती. अनवाणी, ओली, एकाच माणसाची. डांबर इतकं तापलं होतं की बुटातून चटका बसत होता, आणि तरी ती पावलं सुकली नव्हती. कडाही सुकल्या नव्हत्या. तिघं त्यांच्या बाजूबाजूने चढत गेली. जुना रस्ता जिथे नव्या रस्त्याला मिळतो तिथे एसटीचा थांबा आहे, सिमेंटचा, छत असलेला. पावलं त्याच्या सावलीत शिरली होती.

बाहेर करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी धापा टाकत उभी होती. चिमणाबाई तिचं नाव, तिने नंतर सांगितलं. तिची एसटी चुकली होती आणि ती ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होती. हर्षालीने विचारलं, इथून कुणी चढलं का.

“चढलं असंल कुणीतरी,” ती वैतागून म्हणाली. “त्याशिवाय का थांबली व्हती गाडी? लय वेळ थांबली. म्या हात करते, पळते, तर निघाली. गेली नाशकाला.”

दूर वळणावर लाल गाडी धूळ उडवत दिसेनाशी होत होती.

धवल आणि दिशा बाहेरच थांबली. हर्षाली आत गेली. सिमेंटचं बाकडं रिकामं होतं, धुळीने भरलेलं. फक्त मधोमध, एक माणूस बसेल एवढी जागा ओली होती. पाणी बाकाच्या कडेवरून अजून ठिबकत होतं.

“हर्षू, चल ना...” दिशा बाहेरून म्हणाली.

हर्षालीने त्या जागेकडे पाहिलं. इथूनही ती घाबरून जाणार नव्हती. ती वळली आणि बरोब्बर त्या ओल्या जागेवर ताठ बसली.

जागा उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.