चेलोनं केलेली घाई

लिफ्टमध्ये मी, माझा चेलो आणि तो – तिघं काही मावत नव्हतो. तो निमूट बाहेर पडला.

"आधी वाद्य जाऊ दे. मी जिन्यानं येतो."

चार मजले चढून, धापा टाकत तो तालमीच्या हॉलमध्ये शिरला, तेव्हा कळलं – हाच आमचा नवा संचालक! परदेशातून आलेला. सकाळी आमचा वाद्यवृंद चालवणार, दुपारी शाळेतल्या मुलांना संगीत शिकवणार. शनिवारचा कार्यक्रम रंगला तर नोकरी कायम. नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून मायदेशी. हा जाता कामा नये, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. वेडीच मी!

पण तालमीत रोज ठिणग्या उडायच्या. त्याच्या देशात संचालकाचा हात खाली आला, की त्याच क्षणी सूर निघतो. आमच्याकडे हात खाली येतो, आम्ही श्वास घेतो आणि मग वाजवतो. त्याला आम्ही सुस्त वाटायचो, आम्हाला तो उतावळा.

"घोड्यावर बसून आलाय हा," मागे डबल बास वाजवणारा माझा मामा पुटपुटायचा.

शुक्रवारी मी मुलांच्या वर्गात डोकावले. हात खाली आणून तो मुलांसाठी थांबला होता... चक्क हसत! माझं डोकंच फिरलं. वर्ग सुटल्यावर मी त्याला दारातच गाठलं.

"त्यांच्यासाठी थांबता, मग आमच्यासाठी का नाही?"

"त्यांची भीती वाटत नाही."

"आणि आमची वाटते?"

"तुमची... जरा जास्तच." त्याचे कान लाल झाले होते.

त्या 'जास्तच'नं माझी झोप उडाली. ठरवलं – उद्या त्याच्या हाताबरोबरच वाजवायचं. चेलोंची प्रमुख मी. मी निघाले की बाकीचेही मागोमाग येतील.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. त्याचा हात खाली आला. मी वाजवलं – एकटीनंच! कारण नेमका आजच तो हात खाली आणून आमच्यासाठी थांबला होता, आणि सगळे निवांत श्वास घेत होते.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. दचकून साऱ्यांनी समोरच्या स्वरलिपीच्या कागदावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता... सोडू नका, असं डोळ्यांनीच सांगत. मी सूर धरून ठेवला, आणि त्याच्या खुणेसरशी बाकीचे सगळे एकदम त्यात मिसळले.

कार्यक्रमानंतर वाद्यवृंदाच्या अध्यक्षबाई पडद्यामागे आल्या. "सुरुवातीची चूक कोणाची?"

"माझी," तो म्हणाला. "खूण करताना मी चुकलो."

"साफ खोटं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी मुद्दाम लवकर वाजवलं. यांच्यासाठी."

"यांच्यासाठी म्हणजे?" मामानं नको तिथं तोंड घातलंच.

"म्हणजे... मला हे इथंच हवेत!"

 बाईंनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं.

"आमची मंडळी आज पहिल्यांदाच मान वर करून वाजवत होती," त्या त्याला म्हणाल्या. "राहा तुम्ही. फक्त हिला जरा आवरा."

त्या गेल्या. मामानं उरलेल्यांना भराभर बाहेर पिटाळलं.

"आवरणार मला?" मी विचारलं.

"मुळीच नाही. मी आज थांबलो ना... तेही तुझ्यासाठीच."

 मी त्याचा हात धरला. सोडायची मात्र मुळीच घाई केली नाही.