दवलीची झिजलेली कड

बाई ओळखायची तर तिच्या घरातली दवली बघावी, असं गौरवी म्हणायची. ढवळायची लाकडी दवली भांड्याच्या तळाला घासून घासून एका कडेने झिजते. उजव्या हाताच्या बाईची एका अंगाला, डावखुरीची दुसऱ्या. आळशी बाईची जन्मभर नवी राहते.

पेडण्यातल्या तिच्या पडवीत बाबुराव मेस्त लाकडी भांडी घडवायचा आणि गौरवी ती मांद्रे-मोरजीच्या गेस्टहाऊसांत विकायची. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली: ‘यासाठी एकही झाड तोडलेलं नाही.’ ते खरंही होतं. वाऱ्याने पडलेला फणस, मोडक्या घराचे वासे, असलंच लाकूड ती घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी सासू भागीरथी वारली, तेव्हा सरणासाठी परसातला आंबा तोडला. बाई वाळून काटकी झालेली. अर्धं लाकूड उरलं. उरलेलं स्मशानातच ठेवायचं असतं. गौरवीने टेम्पोवाल्याला सांगून ते परत आणवलं आणि परसात सुकत टाकलं.

आता ते घडवायची वेळ आली, तर मेस्त पटाशी हातात घेईना.

“थंय गेलेला लाकूड घराक येना, गो बाय.”

“मेस्ता, झाड माझ्यासाठी तोडलं? सरणासाठी तोडलं. मग फुकट कुजू द्यायचं?”

मेस्त दोन दिवस बिडी ओढत बसला. तिसऱ्या दिवशी कामाला लागला. एकवीस दवल्या झाल्या.

अकरा वर्षं सासूने गौरवीला चुलीपाशी फक्त भांडी उचलायला उभं केलं होतं. “तुझ्या हाताक चव ना,” म्हणत भागीरथी डाव्या हाताने माशांचं हुमण ढवळत राहायची. तिचं तेरावं झालं आणि गौरवीने पहिली गोष्ट केली ती ही, की मेस्ताकडून स्वतःसाठी फणसाची दवली करून घेतली. नवऱ्याला, सुधीरला, तिच्या हातची माशांची आमटी अळणी लागायची. लागू दे. चूल तिची होती, आणि ती आता कुणाला द्यायची नव्हती.

आंब्याच्या दवल्या विकायला काढल्यावर आठवड्याने मांद्र्याची गेस्टहाऊसवाली ऋतिका त्यातल्या तीन परत घेऊन आली.

“वापरलेल्या विकतेस गो? बघ, कड कशी गेली ती.”

कड तिरकी झिजली होती. गौरवीने त्या स्वतःच्या हाताने गुंडाळून दिल्या होत्या, कोऱ्या. बदलून द्यायला तिने खोका उघडला. वरच्या दवलीची सुतळी सोडली, कागद काढला.

तीही झिजलेली.

तिने सगळ्या सोडल्या. अठराच्या अठरा, एकाच अंगाला. फणसाच्या तिच्या दवलीच्या उलट्या अंगाला.

मेस्ताने त्यांना हात लावला नाही. लांबूनच विचारलं, “हात वळखलंस?”

गौरवीने एक दवली डाव्या हातात धरून बघितली.

“जंयच्या तंय नेऊन ठेव,” मेस्त म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तिने चूलही पेटवली नाही. सुधीरसाठी पावाचे उंडे आणि कालची भाजी झाकून ठेवली, एकवीस दवल्या स्मशानात ठेवल्या आणि तशीच म्हापशाच्या बाजाराला गेली. परत येताना बसमध्ये तिला चक्क झोप लागली.

दुपारी घरी पोचली तेव्हा सुधीर बोटं चाटत होता. ताटात बांगड्याचे काटे.

“ह्या खेपेक जमलं तुका,” तो म्हणाला. “एकदम आयेच्या हातचं.”

“हुमण कोणी दिलं?”

“कोण देतलो? चुलीर होतं. तूच करून गेलीस मगे?”

ती आत गेली. चूल गरम होती.

तिची फणसाची दवली खिळ्यावर होती, तिने टांगली होती तशीच. एक कड तिच्या दोन वर्षांनी थोडी झिजलेली.

दुसरी कड पार गेलेली.

“उद्यां पण असंच कर गो,” बाहेरून सुधीर म्हणाला.

दवलीच्या टोकावरून हुमणाचा एक थेंब खाली पडला.