फियाटच्या ड्रमवरचा ठिपका

बोरामणी नाक्याजवळच्या भंगाराच्या दुकानात चंद्रिकानं फियाटच्या पुढच्या स्प्रिंगांच्या जोडीला हात घातला, आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी त्यातली एक धरली.

"ही घेऊ नका."

तिनं मान वर केली. तिशीतला माणूस, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, डोळे हसरे. हसऱ्या डोळ्यांच्या माणसांवर तिचा आधीपासूनच विश्वास नव्हता.

"का? तुम्हाला हवीय म्हणून?"

"मला कशाला? दोन्ही शेजारी उभ्या करून बघा की."

तिनं केल्या. एक दुसरीपेक्षा चांगली बोटभर बुटकी होती.

"अशी जोडी घातली की गाडी एका अंगाला कलती. माझं गॅरेज हाय मागच्या गल्लीत. जुन्या गाड्यांचंच काम करतो. गुरुशांत म्हणतात मला."

म्हणजे गिऱ्हाईक पकडायला आला होता तर. चंद्रिका स्प्रिंगा ठेवून निघाली, पण कोपऱ्यावरून मागं वळून बघितलंच... हा आता त्या स्वतः घेतो की काय. त्यानं घेतल्या नाहीत. तो तिच्याकडेच बघत होता, आणि ते तर तिला जास्तच संशयाचं वाटलं.

टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचं तिचं काम; सुटलेला एक धागासुद्धा नजरेतून निसटायचा नाही. पण तिच्या संशयाचं खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्यानं अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, फियाटमधले बरेच मूळ भाग काढून घेतले आणि आत भलताच माल बसवला. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर अप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ न थांबता उजवीकडे ओढत खड्ड्यात गेली. अप्पांचा मोडलेला हात बरा झाला, मन काही झालं नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. यंदाच्या दसऱ्याला अप्पांना पुन्हा तिच्यात बसवायचंच, असं चंद्रिकानं ठरवलं होतं. आता परत फसगत झाली, तर ते जन्मात बसणार नव्हते.

शेवटी गाडी ओढत गुरुशांतच्याच दारात न्यावी लागली. फियाट खोलणारा दुसरा कुणी गावात उरला नव्हता.

"पुढं डिस्क ब्रेक बसवा," ती म्हणाली. "महागातले."

"नको की."

"नको? का?"

"नुसती पुढं डिस्क बसवून भागत न्हाई. मागचं-पुढचं सगळंच जुळवावं लागतंय. तुमचे ड्रम तेवढे मूळचेच ऱ्हायलेत, चांगले हायत. लायनर नवे घालू, नळ्या नव्या. स्प्रिंगा मात्र जोडीनं घेऊ, एकाच घाण्यातल्या."

महाग वस्तू नको म्हणणारा माणूस चंद्रिकानं अजून पाहिला नव्हता. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. तो चहा सांगायला बाहेर गेला, तेवढ्यात तिनं पर्समधली गुलाबी नेलपॉलिश काढली आणि खोललेल्या ड्रमांवर एकेक ठिपका देऊन टाकला. आता बदला म्हणावं.

मग ती रोज कामावरून सुटली की गॅरेजात येऊन बसायला लागली. तो तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा. तिला त्याचाही संशय यायचा.

"मी विश्वास नाही म्हणून येते," तिनं स्पष्टच सांगितलं.

"मग विश्वास बसू नये म्हणून काय करावं लागंल?"

ती हसली नाही. म्हणजे त्याच्यासमोर हसली नाही. घरी भाकरी थापताना मात्र तिला एकटीलाच हसू फुटलं, आणि स्वतःचाच राग आला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी चाकं चढवायची होती. तिनं वाकून ठिपके पाहिले. ठिपके होते... पण डाळिंबी.

"हे माझे ड्रम नाहीत."

"तुमचेच हायत."

"माझा ठिपका गुलाबी होता."

गुरुशांतचे कान लाल झाले. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. "थिनरनं धुताना पुसला गेला. मग नव्या पेठेत जाऊन नेलपॉलिश आणली. गुलाबी मागितली तर बाईनं सतरा गुलाबी पुढं मांडल्या. ट्यूबच्या उजेडात मला हीच तुमची वाटली."

"खोटी खूण केलीत. सांगितलं का नाही?"

"विश्वास जाईल म्हणून."

"होता कुठं?"

"यायला लागलाता की. परवा तुम्ही चहा वास न घेता प्यालात." तो थांबला, मग खाली बघत म्हणाला, "आणि... काम संपलं तरी तुम्ही यायला पायजेत, असं वाटायला लागलंय मला. म्हणून भ्यालो."

मोबाईलचा उजेड पाडून तिनं एकेक ड्रम उलटा केला. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला, बोल्टाच्या भोकाशेजारी, किल्लीनं ओरखडलेला छोटासा 'च' होता. जसा केला होता तसाच. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"दुसरी खूण?" तो बघतच राहिला.

"एका खुणेवर कोण विसंबतं?"

"मग पटलं?"

"ड्रमचं पटलं. माणसाचं बघू."

दसऱ्याला सकाळपासून परतीचा पाऊस झिमझिमत होता. बॉनेटवर झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली, पण अप्पा दाराशीच थांबले. फाटकावरचा हात काही सुटेना. तेवढ्यात गुरुशांत भिजत आला आणि सरळ पुढच्या सीटवर, स्टिअरिंगवरच्या चंद्रिकाशेजारी जाऊन बसला.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"ब्रेकचं काम केलेल्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, ही आमच्या वस्तादांची रीत हाय."

अप्पांनी त्याला नीट न्याहाळलं. "ब्रेक लागला न्हाई तर तू बी आमच्यासंगं खड्ड्यात जाशील की रे."

"व्हय. म्हणून तर लई मन लावून केलंय."

अप्पा मागचं दार उघडून आत बसले. चंद्रिकानं नजर रस्त्यावर ठेवत गाडी सुरू केली.

पुलाच्या ओल्या उतारावर एक म्हैस आडवी आली. चंद्रिकानं ब्रेक दाबला. ना ओढ, ना हिसका... फियाट जागच्या जागी सरळ उभी राहिली.

"निधान होगव्वा," अप्पा मागून कानडीत म्हणाले. सावकाश जा गं. पूर्वी शेजारी बसून तिला गाडी शिकवताना ते असंच म्हणायचे.

पुढं मित्राच्या दारी सोनं द्यायला अप्पा उतरले. काचेवर पावसाचे थेंब साचत होते. चंद्रिकानं पर्समधून गुलाबी बाटली काढली, गुरुशांतचा ग्रीसनं काळवंडलेला हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला.

"हे कशाला?"

"उद्या कुणी बदलून दुसराच दिला तर कळायला नको? मला हाच हवाय."

तो नखाकडे बघत राहिला. हात त्यानं सोडवून घेतला नाही.

"आणि थिनरनं पुसला गेला तर?"

"दुसरी खूण करून ठेवलीय," ती म्हणाली. "ती कुठं, ते सांगणार नाही."